भिंत बुजवण्याआधी मेगर

आमची इमारत दादर पूर्वेची, १९६५ च्या सुमाराची, तळमजला अधिक तीन मजले. सासऱ्यांनी जागा घेतली तेव्हा घरात खोलीला एक दिवा, दोन पंखे आणि रेडिओसाठी एक पॉइंट होता, असं सासूबाई सांगतात. पुढे त्याच तारांवर फ्रिज आला, मिक्सर आला, गीझर आला, वॉशिंग मशीन आणि शेवटी एसी आला. प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन जवळच्या बोर्डातून लूप मारून गेलं. मूळच्या तारा कोणी बदलल्या नाहीत.

फ्रिजच्या मागच्या बोर्डाला हात लावला तर तो कोमट लागायला लागला आणि प्लास्टिकला पिवळट डाग पडला, तेव्हा गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने मेन बंद करून बोर्ड उघडला. आत लाकडी पेटी, तिच्यात कापडी वेष्टणाच्या रबरी तारा. त्याने एक तार दोन बोटांत धरून जराशी वाकवली, तर रबराचे काळे कण बिस्किटाच्या चुऱ्यासारखे खाली पडले आणि बोटभर लांबीची उघडी तार समोर आली. तिच्या शेजारी अर्ध्या इंचावर दुसरी तार, तीही तशीच. मधे होती ती फक्त हवा आणि साठ वर्षांची धूळ. "ताई, बोर्ड बदलून देतो, पण आत हात घालायची मला भीती वाटते," तो म्हणाला. "जिथे वाकवीन तिथे तुटेल. सगळंच नवीन करा."

जिन्यातून वर येणारी मेन लाइन अॅल्युमिनियमची निघाली. त्या काळात तांब्याची टंचाई होती आणि घरोघरी अॅल्युमिनियमच्या तारा टाकल्या जात. अॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, जोड सैल होतो, सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. मीटरनंतरची ही लाइन ग्राहकाची असते. वीज देणारी संस्था मीटरपर्यंत जबाबदार, तिथून पुढे घरमालक. त्यामुळे घरातल्या वायरिंगबरोबर जिन्यातली लाइनही आपल्याच खर्चाने बदलायची, हे पहिल्याच दिवशी कळलं ते बरं झालं.

मग सुरू झाली माणसं शोधायची मोहीम. मुंबईत घराच्या विजेच्या कामाचे दर पॉइंटवर ठरतात. एक दिवा म्हणजे एक पॉइंट, एक पंखा म्हणजे एक पॉइंट, एसी आणि गीझरचे पॉवर पॉइंट वेगळ्या दराचे, मेन लाइन रनिंग फुटावर, डीबीची, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीची, फिटिंग वेगळी. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येकाचा पॉइंट वेगळा असतो. एकाच्या दरात पाइपासाठी भिंतीत झिरी मारणं आणि ती बुजवणं धरलेलं, दुसऱ्याच्या दरात नाही. एकाने दोन जागांहून चालू-बंद होणारा दिवा एक पॉइंट धरला, दुसऱ्याने दोन. म्हणून मी घराचा नकाशा कागदावर काढला, त्यावर प्रत्येक स्विच आणि सॉकेट खुणेने दाखवला आणि तोच कागद सगळ्यांना दिला. दर त्या कागदावरच लिहून मागितले, मजुरी आणि माल वेगळा. त्यानंतर कुठे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचता आले.

त्याच कागदाच्या शेवटी मी एक ओळ घातली होती: काम पूर्ण झाल्यावर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा कम्प्लीशन आणि टेस्ट रिपोर्ट द्यावा लागेल. घराला मंजूर असलेला विजेचा भार वाढवून घ्यायचा असल्यामुळे तो रिपोर्ट अर्जासोबत लागणारच होता. या ओळीवर तिघांची उत्तरं तीन तऱ्हेची आली आणि माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे.

पहिले म्हणाले, "रिपोर्टचं टेन्शन घेऊ नका मॅडम, सही मिळून जाईल. त्याचे पैसे वेगळे." दुसरे इंटिरियरवाले होते, त्यांनी "आमच्याकडे लायसन्स आहे" एवढंच लिहून दिलं. तिसरे स्वतः परवानाधारक, वय साठीच्या आसपास, दर सगळ्यांत चढा आणि महिनाभर वेळ नाही. ते म्हणाले, "रिपोर्ट हा कामाचा भाग आहे, त्याचे वेगळे पैसे मी घेत नाही. पण मी सुरुवातीपासून असेन तरच देतो."

सासूबाईंना घराबाहेर जास्त दिवस ठेवणं शक्य नव्हतं, स्वयंपाकघराचा ओटाही याच सुट्टीत बदलायचा होता, म्हणून काम इंटिरियरवाल्यांना दिलं. मात्र पैशाचे हप्ते मी ठरवून घेतले: सुरुवातीला उचल, पाइप टाकून झाल्यावर एक हप्ता, तारा ओढून झाल्यावर एक, आणि मोठासा शेवटचा हप्ता टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावर. परवान्याची प्रतही काम सुरू होताना द्यायची असं लिहून घेतलं.

नियम काय आहे हे इथे सांगायला हवं, कारण तो फार कमी लोकांना माहीत असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशी किरकोळ बदलाबदल सोडली तर घरातलं नवं वायरिंग, वाढीव काम किंवा फेरफार परवानाधारक कंत्राटदारानेच करायचा असतो, आणि तोही सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली. महाराष्ट्रात कंत्राटदाराचा परवाना वेगळा, पर्यवेक्षकाचा वेगळा आणि तारतंत्रीचा, म्हणजे प्रत्यक्ष पक्कड हातात धरणाऱ्या वायरमनचा वेगळा. तिन्हींवर मुदत असते, नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे रिपोर्टावरची सही ही "हे काम माझ्या माणसांनी, माझ्या नजरेखाली केलं आणि मी ते तपासलं" अशी ग्वाही आहे. ती सही कामापासून तोडून बाजारात मिळायला लागली, तर तिच्याखाली उभं काहीच राहत नाही. मुंबईत आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शॉर्ट सर्किट हे दोन शब्द हमखास असतात. अशा किती घरांच्या फायलीत टेस्ट रिपोर्ट व्यवस्थित लावलेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सोसायटीची एनओसी सहज मिळाली. दहा ते सहा काम, दुपारी दोन ते चार आवाज बंद, डेब्रिज रोजच्या रोज गोणीत भरून खाली, जिन्यात काही ठेवायचं नाही. सासूबाई ठाण्याला नणंदेकडे गेल्या.

माल मी स्वतः आणला. कंत्राटदाराला ते फारसं आवडलं नाही, पण तारा भिंतीत एकदा गेल्या की पुढची तीसचाळीस वर्षं त्या तिथेच असतात, म्हणून तो एक खर्च मला डोळ्यांसमोर हवा होता. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत विजेच्या सामानाची सगळी दुनिया आहे. तिथल्या एका जुन्या दुकानदाराने मला उभ्या उभ्या पाव तास शिकवलं. खोक्यावर आयएसआयची खूण नुसती असून भागत नाही, तिच्याखाली सीएम/एल क्रमांक लागतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये घातला की परवाना कोणाच्या नावाचा आणि चालू आहे का ते दिसतं. मी तिथेच घालून पाहिला. घरगुती तारांसाठी मानक आयएस ६९४. ते खोक्यावरही असतं आणि तारेच्या अंगावर ठरावीक अंतराने छापलेलंही असतं. दोन्ही जुळायला हवेत. बंडल नव्वद मीटरचं. पक्कं बिल घ्यायचं, कारण नकली माल विकणारा बिल देत नाही.

त्यांनीच एफआर आणि एफआरएलएसएच या तारांच्या दोन प्रकारांतला फरक सांगितला. दोन्ही तारा आग सहजी पुढे नेत नाहीत. पण वेष्टणाचं साधं पीव्हीसी प्लास्टिक जळताना दाट काळा धूर आणि आम्लाचा वायू सोडतं, आणि बंद घरात माणूस ज्वाळेच्या आधी धुरानेच गुदमरतो. दुसऱ्या प्रकारात हा धूर आणि वायू कमी. बंडलामागे थोडे जास्त पैसे पडतात. एक वयस्क माणूस घरात असताना तो प्रश्न मला पडलाच नाही. दिव्यापंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटना अडीच, एसी आणि गीझरला चार, आणि मीटरपासून घरापर्यंत दहाची तांब्याची मेन, असं ठरलं. वीज आणणाऱ्या फेजला लाल, ती परत नेणाऱ्या न्यूट्रलला काळी, दोष आला तर करंट जमिनीत नेणाऱ्या अर्थला हिरवी.

काम सुरू झालं. कटरने झिऱ्या मारल्या, घर तांबड्या धुळीने भरलं, पाइप पडले, मॉड्युलर स्विचचे लोखंडी बॉक्स बसले. पोरं मेहनती होती. हॉल आणि बेडरूमच्या तारा ओढून झाल्या, डीबी बसला, तात्पुरती लाइन चालू झाली. परवान्याची प्रत मात्र "उद्या आणतो" वर अडलेली. आणि त्याच वेळी बेडरूमचा पंखा लावला की आरसीसीबी पडायला लागला.

आरसीसीबी म्हणजे काय ते मी तोवर वाचून घेतलं होतं. एमसीबी तारेला सांभाळतो: जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. पण माणसाला मारायला सहा अँपिअर लागत नाहीत, त्याच्या कितीतरी अंशाने कमी करंट पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो. तीस मिलीअँपिअरचा फरक पडायच्या आत तो लाइन तोडतो, कारण हा हरवलेला करंट कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. आम्ही दोन बसवले होते, एक स्वयंपाकघर आणि बाथरूमसाठी, दुसरा बाकी घरासाठी.

इंटिरियरवाल्यांच्या वायरमनने वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे आरसीसीबी असंच त्रास देतात. काढून टाकू या, एमसीबी आहेच. मुंबईत निम्मी घरं तशीच चालतात."

मी नको म्हटलं. दोष शोधा म्हटलं. आणि परवाना आजच्या आज दाखवा म्हटलं.

संध्याकाळी परवान्याची झेरॉक्स आली. नाव तिसऱ्याच कोणाचं, पत्ता नवी मुंबईचा, मुदत संपून गेलेली. "ते आमचेच आहेत, रिन्यूला दिलंय," असं सांगण्यात आलं. त्या गृहस्थांचा फोन नंबर मागितला, त्यांच्याशी बोलले. ते मोकळेपणाने म्हणाले, "मी साइटवर येत नाही. तुमचं काम झालं की कागद पाठवा, सही करून देतो." म्हणजे पहिल्या कंत्राटदाराने जे तोंडावर सांगितलं होतं तेच इथे न सांगता चाललं होतं.

मी काम थांबवलं. करारात परवान्याची अट लिहिलेली होती, हप्ते कामाच्या टप्प्याला बांधलेले होते आणि माल माझा होता, त्यामुळे हिशेब करताना वाद झाला तरी तो मिटला. ओट्याचं आणि सुतारकामाचं काम त्यांच्याकडेच ठेवलं, विजेचं काढून घेतलं. वाईट वाटलं ते त्या पोरांचं. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, आणि पगार देणाऱ्याला शिकवायची गरज वाटत नव्हती.

अर्धं झालेलं काम पुढे न्यायला कोणी तयार होईना. शेवटी त्या साठीच्या परवानाधारकांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "दुसऱ्याने ओढलेल्या तारांवर मी सही करत नाही. पण येतो, मेगर लावून तारांचं वेष्टण तपासतो. जे पास होईल ते ठेवू, जे होणार नाही ते ओढून काढू. भिंती बुजवल्यात का?" नव्हत्या. "मग बुजवू नका."

ते रविवारी सकाळी आले, सोबत त्यांचा वायरमन, त्याच्या गळ्यात परवान्याचं कार्ड. आधी स्वतःचा परवाना माझ्या हातात दिला, मी न मागता. मग पंख्याचं कोडं दहा मिनिटांत सोडवलं. डीबी उघडून त्यांनी न्यूट्रलच्या दोन पट्ट्या दाखवल्या, प्रत्येक आरसीसीबीची एक. बेडरूमच्या पंख्याची काळी तार स्वयंपाकघराच्या पट्टीला लागलेली होती. करंट एका आरसीसीबीतून जायचा आणि दुसऱ्यातून परत यायचा, दोघांच्याही हिशेबात तूट. यंत्राने दोष बरोबर पकडला होता आणि त्यालाच काढून टाकायचा सल्ला मला मिळाला होता. तार बदलली, पंखा फिरला.

मला वाटलं, झालं. ते म्हणाले, "आता खरी तपासणी."

मेगर म्हणजे इन्सुलेशन, तारांवरचं वेष्टण, तपासायचं यंत्र. मेन बंद, सगळे दिवे-पंखे सुटे, न्यूट्रल पट्टीतून बाहेर, आणि मग तारांवर पाचशे व्होल्टचा दाब देऊन फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, फेज ते न्यूट्रल असं मोजायचं. किमान एक मेगओहम यायला हवा. नवीन तारा असतील तर आकडा त्याहून कितीतरी वर जातो. हॉलच्या सर्किटला काटा शेवटपर्यंत गेला. बेडरूमच्या सॉकेटला फेज ते अर्थ ठीक, आणि न्यूट्रल ते अर्थ लावल्यावर काटा शून्याजवळून हललाच नाही.

त्यांनी वायरमनला एकेक बॉक्स सोडवायला लावला. एक सुटा केला, काटा तसाच. दुसरा, तसाच. पलंगाच्या उशालगतच्या बॉक्समधून तारा बाहेर ओढल्या आणि काटा एकदम वर गेला. बॉक्सच्या लोखंडी पत्र्याला पाइपासाठी जे भोक पाडतात, त्याच्या कडेला रबरी बुश, म्हणजे तार घासू नये म्हणून बसवायची कडी, घातलेलाच नव्हता. तार जोराने ओढताना ती धारेवर घासली होती आणि काळ्या वेष्टणाला नखाएवढी चीर पडून आतलं तांबं पत्र्याला टेकलं होतं. त्यांनी ती चीर मला बॅटरीच्या उजेडात दाखवली. चष्मा लावूनही मला ती दुसऱ्या नजरेत दिसली. यानंतर भिंत बुजली असती, रंग लागला असता, आणि सासूबाईंच्या उशाशी ती चीर तशीच राहिली असती.

मी विचारलं, "मग आरसीसीबी यावर का नाही पडला?" हा प्रश्न त्यांना आवडला. "तेच आता बघायचंय," म्हणाले. "करंटला जमिनीत जायला वाट असेल तर तो पडेल. तुमच्याकडे वाट आहे का?"

जुन्या मुंबईत अर्थिंग बहुतेक ठिकाणी पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेलं असायचं. नळ जमिनीत जातो, म्हणजे अर्थ मिळाला, असा हिशेब. आमच्याकडेही मोरीतल्या नळाला एक गंजकी क्लिप आणि तिला हिरवी तार होती, आणि आधीच्या मंडळींनी नवीन डीबीचं अर्थ तिलाच जोडलं होतं. पण सोसायटीने काही वर्षांपूर्वी पाण्याच्या उभ्या लाइन प्लास्टिकच्या केल्या. घरातला लोखंडी तुकडा तेवढा उरला, तो जमिनीला कुठेच पोचत नव्हता. त्यांनी साध्या होल्डरला शंभर वॅटचा बल्ब लावला, एक टोक फेजला, दुसरं त्या अर्थला. बल्ब पेटला नाही. आमच्या घरात अर्थिंग नव्हतंच. उलट गीझरमध्ये दोष आला असता तर तो करंट त्याच नळात येऊन थांबला असता आणि नळ उघडणाऱ्याची वाट पाहत राहिला असता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी भेटेल त्याला सांगते. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. ते दाबल्यावर तो पडला म्हणजे यंत्राचं आतलं काम ठीक आहे, एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. अर्थ नसलेल्या घरातही बटण दाबलं की तो व्यवस्थित पडतो. आमचाही पडत होता.

अर्थिंगचा प्रश्न एकट्या घराचा नव्हता, इमारतीचा होता. मीटर रूमजवळ जुन्या अर्थचं टोक होतं, पण मोजल्यावर ते नावापुरतंच निघालं. सोसायटीच्या सभेत मी विषय मांडला. खजिनदार काकांचा पहिला प्रश्न खर्चाचा, आणि तो रास्तही होता, कारण त्याच वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं. त्या परवानाधारकांना मी सभेला बोलावलं. त्यांनी जास्त बोलण्यापेक्षा बल्ब आणला आणि समितीच्या तीन घरांत लावून दाखवला. तिन्ही ठिकाणी पेटला नाही. अर्थिंगसाठी नवीन खड्डा करायचा खर्च मंजूर झाला.

मागच्या अंगणात, जिथे माती ओलसर राहते तिथे अर्थ पिट खणला, इलेक्ट्रोड उभा केला, भरण केलं, वर पाणी घालायला झाकणाची कुंडी केली आणि तिथून तांब्याची पट्टी मीटर रूमपर्यंत आणली. अर्थ टेस्टरने रोध मोजला, तारीख आणि आकडा कुंडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिला. आमच्या मेनबरोबर वेगळी हिरवी तार वर आली. त्यानंतर पुन्हा तोच बल्ब लावला. या वेळी तो लख्ख पेटला आणि क्षणात आरसीसीबीने लाइन तोडली. वायरमनदादा माझ्याकडे बघून हसले.

आधीचं काम किती ठेवायचं, तेही मेगरने ठरवलं. हॉलचं राहिलं. बेडरूमच्या सॉकेटच्या तारा ओढून काढल्या, तर एका पाइपाच्या मधोमध काळी टेप गुंडाळलेला जोड बाहेर आला. बंडल संपलं म्हणून उरलेला तुकडा जोडून पुढे ढकललेला. जोड बॉक्समध्ये उघडता येईल असाच हवा, पाइपात कधीच नाही. तो टेपचा गोळा मी जपून ठेवला आणि पुढे आमच्या मजल्यावरच्या दोघा शेजाऱ्यांना दाखवला.

स्वयंपाकघर, बाथरूम आणि पॅसेज त्यांच्याच माणसांनी केलं. प्रत्येक बॉक्सला बुश, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल आपापल्या पट्टीला, प्रत्येक टोकाला नंबराची चिकटपट्टी. सॉकेट समोरून पाहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, हे त्यांनी प्रत्येक ठिकाणी टेस्टर लावून बघितलं. प्लास्टर करण्याआधी मी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले, म्हणजे उद्या फोटोफ्रेमसाठी ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते दिसेल. सगळ्या सर्किटना पुन्हा मेगर लावला, आकडे वहीत उतरवले, आणि मग गवंड्याला हाक मारली. प्लास्टर वाळल्यावर तिसऱ्यांदा मेगर लावला. एवढं कशाला, असं विचारल्यावर ते म्हणाले, "गवंडी खिळा मारतो, सुतार स्क्रू मारतो. तार माझी, म्हणून शेवटी मीच बघणार."

शेवटी एका छोट्या यंत्राने दोन्ही आरसीसीबी किती वेळात पडतात ते मोजलं. मर्यादा तीनशे मिलिसेकंदांची, आमचे त्याच्या बरेच आत पडले.

टेस्ट रिपोर्ट एका पानाचा असतो. कंत्राटदाराचं नाव, परवाना क्रमांक आणि मुदत, पर्यवेक्षक आणि तारतंत्री यांचे परवाना क्रमांक, पॉइंटची यादी, जोडलेला भार, इन्सुलेशनचे आकडे, अर्थचा आकडा, तारीख, सही, शिक्का. त्यांनी तो माझ्या डायनिंग टेबलावर बसून वहीतून बघत बघत भरला. एकही आकडा असा नव्हता जो मोजताना मी बाजूला उभी नव्हते. मी शेवटचा हप्ता दिला. दर चढा होता, आणि जे मिळालं ते पाहता तो मला मुळीच जास्त वाटला नाही.

मंजूर भार बिलावर छापलेला असतो. आमचा जुना भार दोन एसी आणि गीझरच्या हिशेबात बसत नव्हता. आम्हाला वीज देणाऱ्या बेस्टच्या कार्यालयात अर्ज, ओळखपत्र, बिल आणि हा रिपोर्ट दिला. पाहणीला माणूस आला, त्याने डीबी उघडून बघितला, अर्थची तार कुठून येते ते विचारलं, खाली मीटर रूममध्ये गेला. मेन बदलताना मीटरजवळचं सील आपण तोडायचं नसतं, त्यासाठीही त्यांचाच माणूस लागतो, हे आधीच माहीत असल्याने ते काम त्याच वेळी जोडून घेतलं. भार वाढून मिळाला.

पुढच्या सभेत मी दोन गोष्टी मागितल्या आणि दोन्ही मंजूर झाल्या. सोसायटीच्या दुरुस्ती एनओसीच्या फॉर्ममध्ये आता विजेच्या कामासाठी परवान्याची चालू प्रत आधी आणि टेस्ट रिपोर्टची प्रत नंतर, असे दोन रकाने आहेत, आणि रिपोर्ट आल्याशिवाय अनामत परत मिळत नाही. अर्थ पिटचा रोध दरवर्षी मे महिन्यात मोजायचा, कारण माती सगळ्यांत कोरडी तेव्हा असते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्या फॉर्मवर पहिला अर्ज केला आहे. त्यांच्याकडे बेडरूमच्या भिंती उघड्या आहेत आणि मेगरवाले काका येत्या रविवारी येणार आहेत.